मदत हवी आहे: कमिट्या ढीगभर, बजेटचा अनुभव शून्य. डीनसाठी अर्ज करू का?

नमस्कार मंडळी. मी एका विद्यापीठात विभागप्रमुख आहे. आता डीनची (विद्याशाखेच्या प्रमुखाची) पोस्ट निघालीये आणि दोन-तीन सीनियर मंडळी म्हणतायत भरा अर्ज. बायोडेटा लिहायला बसले तर माझ्या नावावर काय, विद्यार्थी कल्याण, तक्रार निवारण, अ‍ॅक्रेडिटेशनचे (विद्यापीठाच्या दर्जाच्या मूल्यांकनाचे) रिपोर्ट, दीक्षांत समारंभ, शिवाय मीटिंगचे मिनिट्स तर कायमचे माझ्याच गळ्यात (मॅडम, तुमचं ड्राफ्टिंग छान असतं!). फायनान्स, खरेदी, बांधकाम इथे मात्र तीच ती ठरलेली पुरुष मंडळी. आणि मुलाखतीत पहिला प्रश्न काय येणार, तर किती मोठं बजेट सांभाळलंत?

बाई या खुर्चीत बसू शकते यात आता नवं काही नाही, हंसाबेन मेहता १९४९ सालीच बडोद्याला कुलगुरू झाल्या. तरी ऑक्सफर्डला पहिली बाई कुलगुरू मिळायला २०१६ उजाडलं. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या पाहणीत तिथल्या कॉलेज-विद्यापीठांच्या अध्यक्षांत बायका १९८६ मध्ये साडेनऊ टक्के होत्या, २०२२ मध्ये ३३. मला वाटतं बायकांची खरी गळती वर नाही, आमच्या लेव्हललाच होते, कामं वाटतानाच.

तर विचारायचंय असं की आधी फायनान्स कमिटी मागून घेऊ आणि पुढच्या खेपेला अर्ज करू, की आहे त्यावर आत्ताच भरू? आणि मिनिट्स लिहायला नाही कसं म्हणायचं, म्हणजे लगेच "यांचा अ‍ॅटिट्यूड" सुरू न होता? ज्या या वाटेने गेल्यात त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
आत्ताच भरा हो! बजेट सांभाळलं नाही असं कोण म्हणतं? रिसर्च ग्रँट, लॅबची खरेदी, व्हिजिटिंगवाल्यांचं मानधन, हे सगळं विभागप्रमुखाच्याच सहीने जातं ना, तेच आकड्यांसकट लिहा. अ‍ॅक्रेडिटेशनचंही नुसतं "रिपोर्ट लिहिला" नको, किती विभागांकडून काम करून घेतलंत ते येऊ दे. मिनिट्ससाठी पाळी लावायचा प्रस्ताव अजेंड्यावरच टाका, तोंडी नाही म्हणू नका. आणि नुसता सल्ला देणारे सीनियर पुष्कळ भेटतात, तुम्ही नसताना त्या खोलीत तुमचं नाव घेईल असं कोणीतरी गाठा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण एक बघा. आधीचे डीन का गेले? रायन आणि हॅस्लम या संशोधकांनी २००५ मध्ये याला ग्लास क्लिफ असं नाव दिलं, कारभार गाळात गेला की मग बाईची आठवण होते. तेव्हा मागचा ऑडिट रिपोर्ट आणि रिकाम्या जागा किती ते मुलाखतीआधीच मागून घ्या, टाळाटाळ झाली तर काय ते समजाच.

धागाकर्ती
पाळीचं आवडलं, सोमवारच्या अजेंड्यावर टाकते. ऑडिट रिपोर्ट नक्की कोणाकडे मागायचा, रजिस्ट्रार की फायनान्स ऑफिसर?