तुमच्या ऑफिसात कोणी गेल्यावर खरंच काही अडलं का?

रानवारा: आज रेकॉर्ड रूम आवरताना एका जुन्या रुमालावर (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर) दप्तरी काकांच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली. काका २००९ ला निवृत्त झाले. सलग, शब्द न तोडता लिहिलेली मोडी ते घडाघडा वाचत. "अर्धा तास बसा, शिकवतो," असं वर्षानुवर्षं म्हणत होते. कोणीच बसलं नाही, मीसुद्धा. काका गेल्यावर सातबारे निघत राहिले, फेरफार होत राहिले, कोणाचं काही अडलं नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम आलं आणि तेच गठ्ठे समोर पडले. मी धावत काकांच्या घरी गेले. दारातच काकूंनी सांगितलं, दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.
तुमचे अनुभव लिहा.

कोजागिरी: वाचून गलबललं.

तिखटमीठ: २००१ ची बँकेतली व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. आमच्या शाखेतले हेड कॅशियर गेले. काउंटर दुसऱ्या दिवशीही दहालाच उघडला. पण पेन्शनवाल्या आजी महिनाभर "ते कुठंयत?" विचारायच्या. अंगठ्याचा ठसा हलला तर ते स्वतः हात धरून उठवून घ्यायचे. ते कुठल्या चार्जलिस्टमध्ये लिहिणार?

उसाचंरान: बाबा साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरवणारे. काचेवर नमुना घेऊन उजेडात धरायचे, बोटांत चोळायचे, दाणा धरला की नाही ते सांगायचे. सीझनला रात्री दोनला बोलावणं यायचं. माझ्या बारशालाही ते नव्हते, आई अजून बोलून दाखवते. पण त्यांनी हाताखाली तीन पोरं तयार केली. आता ती बघतात. बाबा दिवाळीला घरी असतात!!

सिस्टर_नाइटड्यूटी: घाईत लिहितेय. "तुमच्याशिवाय वॉर्ड चालत नाही" ऐकून मी चार वर्षं रजा घेतली नाही. मग मलाच ॲडमिट केलं. वॉर्ड चालला. बरं वाटलं, खरंच. कुकर झाला, येते.

कोजागिरी: @सिस्टर आता तब्येत कशी आहे गं?

रूळावरून: इंजिनिअर ई. श्रीधरन बघा. कोकण रेल्वे उभी केली, मग दिल्ली मेट्रो. २०११ च्या अखेरीस तिथून निवृत्त झाले, मेट्रो धावतेच आहे. माणसं घडवून गेले, म्हणून.

तिखटमीठ: मोडी आता कुठे शिकवतात? लेकीला आवड आहे.

रानवारा: @तिखटमीठ पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग असतात. पुराभिलेख विभागाचेही होतात, पुढची तारीख विचारून घ्या. मी गेल्या वर्षी शिकले. काकांची चिठ्ठी आज वाचता आली: "वाळवी लागली आहे, उन्हात घालणे."

सिस्टर_नाइटड्यूटी: @कोजागिरी बरी आहे गं. रविवारी गावी चाललेय, आठ दिवस.

उसाचंरान: @रानवारा मग घातलंत का उन्हात?

रानवारा: आत्ताच. गच्चीत, सावलीला धरून. तिथंच बसलेय.