उघड्या विकीत कुलूपबंद पानं ठेवावीत का?

मांडवीकाठ

गावोगावची वाचनालयं, नाट्यमंडळं, देवस्थान समित्या यांनी आपली माहिती विकीवर, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायच्या-बदलायच्या संकेतस्थळावर, घालावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रणमाले, धालो, काला या लोककला, जत्रेतले मान कोणाकडे, जुनी कागदपत्रं कुठे आहेत, हे सगळं गोव्यात काणकोणच्या आणि पेडण्याच्या माणसाला सारखंच वाचता यायला हवं. घोळ होतो तो पुढे. त्याच विकीत महाजनांचे (देवस्थानच्या सभासदांचे) पत्ते, फोन नंबर, आधारकार्डांचे स्कॅन ठेवायचे आणि "ही पानं फक्त समितीला दिसतील" असं ठरवायचं. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर हे करू नका. खाजगी मजकुराला दुसरा विकी, वेगळा डेटाबेस, वेगळं सबडोमेन.

मीडियाविकी बांधलं गेलं तेच सगळ्यांनी सगळं वाचावं म्हणून. संपादनाला कुलूप घालायची सोय पक्की आहे. वाचनाला पानागणिक कुलूप घालायची सोय मुळात नाही, आणि त्यांच्याच माहितीपानांवर तसा इशारा आहे. लॉकडाउन हे एक्स्टेंशन (वरून जोडायचा भाग) घालून एखादं नामविश्व, म्हणजे पानांचा एक गट, बंद करता येतं, पण त्याचा पहारा मुख्यतः पान उघडण्याच्या दारावर असतो. मजकूर इतर वाटांनी निघतो. उघड्या पानावर दोन महिरपी कंसांत (एका पानाचा मजकूर दुसऱ्यात ओढून घ्यायची ही खूण) बंद पानाचं नाव लिहा आणि झलक बघा: ते नामविश्व 'समाविष्ट न करण्याच्या' यादीत घातलेलं नसेल तर मजकूर समोर येऊ शकतो. शोधाच्या निकालातला तुकडा, अलीकडील बदलांतला सारांश, निर्यातीचं पान, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामना मजकूर देणारं दार), आरएसएस फीड (नव्या बदलांची आपोआप मिळणारी यादी), प्रत्येक वाटेवर परवानगी वेगळी तपासली जावी लागते. एक राहिली तरी पुरे.

मीडियाविकीतल्या डिसेंबर २०२१ मधल्या त्रुटी आठवा. 'उलटवा'च्या दुव्यात आवृत्तीचे आकडे बदलून, वाचायची परवानगी नसलेल्या पानाचा मजकूर बघता येत होता. दुरुस्ती १.३५.५, १.३६.३ आणि १.३७.१ मध्ये आली.

दिवाडी_फेरी

उदाहरण चांगलं, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. त्या त्रुटीचा फटका बसला तो पूर्ण खाजगी विकींना, म्हणजे तुम्ही सुचवताय त्या दुसऱ्या विकीला. अट एवढीच की 'व्हाइटलिस्टरीड', म्हणजे लॉगिनशिवाय वाचता येणाऱ्या पानांच्या, यादीत निदान एक पान असावं. आणि ते बहुतेकांकडे असतं, मुखपृष्ठ लॉगिनशिवाय दिसावं म्हणून. तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून ती यादी रिकामी करायलाच सांगितलं होतं. वेगळा डेटाबेस घेऊन हे भोक बुजत नव्हतं.

दुसरं म्हणजे माणसं. गावच्या संस्थेत सर्व्हर बघणारा एक जण, तोही संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर. दोन विकी म्हणजे दोनदा अपडेट, दोन बॅकअप, दोन पासवर्ड-याद्या. उघडा विकी रोज डोळ्यांसमोर असतो म्हणून अपडेट होतो. खाजगीवर महिन्यातून एकदा कोणी जातं आणि तोच जुन्या आवृत्तीवर कुजत राहतो. ज्यात आधारकार्डं आहेत तोच!

पानागणिक परवानगी हवी असेल तर त्यासाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर घ्या. डोकुविकी या दुसऱ्या विकी-सॉफ्टवेअरमध्ये परवानग्यांची यादी गाभ्यातच आहे: ० काही नाही, १ वाचन, २ संपादन, ४ नवं पान, ८ अपलोड, १६ काढून टाकणं. 'समिती' नामविश्वाला सर्वांसाठी ०, समितीच्या गटाला ८. विशिष्ट नियम सर्वसाधारण नियमावर मात करतो. डेटाबेस नाही, सगळ्या साध्या फाइली.

मांडवीकाठ

व्हाइटलिस्टचा मुद्दा मान्य. ती यादी खाजगी विकीत रिकामीच हवी, आणि विकीच्या पुढे वेब सर्व्हरचा (ब्राउझरला पानं पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) वेगळा पासवर्ड हवा, म्हणजे विकीतली त्रुटी बाहेरच्याला हातच लागत नाही. हा दुसरा दरवाजा उघड्या विकीला लावता येत नाही, कारण तो उघडा ठेवायचा असतो. वेगळेपणाचा खरा फायदा तिथे आहे.

डोकुविकीबद्दल मात्र सावध राहा. साध्या फाइली 'डेटा' फोल्डरात असतात आणि सोबत येणारी एचटीअ‍ॅक्सेस फाइल (फोल्डर बाहेरच्याला बंद करणारी) अपाचे हा वेब सर्व्हर वाचतो, एनजिनएक्स हा दुसरा वाचत नाही. एनजिनएक्सवर तो फोल्डर स्वतः बंद केला नाही, तर परवानगी ० असली तरी मजकुराची टेक्स्ट फाइल थेट ब्राउझरमध्ये उघडते. साइटमॅपही (सगळ्या पानांची यादी) बघा: 'स्नीकी इंडेक्स' ही सेटिंग चालू नसेल तर बंद नामविश्वांची नावं बाहेरच्याला दिसतात. नामविश्वाचं नाव बदललं की नियम जुन्या नावालाच चिकटून राहतो, हे वेगळंच.

साळावली

तुम्ही दोघेही मजकुराबद्दल बोलताय. गळती फोटोंतून होते. मीडियाविकीत अपलोड केलेली फाइल नेहमीच्या मांडणीत वेब सर्व्हर परस्पर देतो, विकीला विचारतच नाही. पूर्ण विकी लॉगिनमागे असला तरी तसंच. फोल्डरचा पत्ता फाइलच्या नावाच्या एमडी५ वरून (नावावरून गणिताने निघणारी, कोणालाही काढता येणारी अक्षरमाळ) ठरतो: तिचं पहिलं अक्षर, मग पहिली दोन. नाव ठाऊक असेल किंवा ओळखता आलं तर पत्ता मिनिटात काढता येतो. म्हणून इमेज-ऑथ (फाइल देण्याआधी परवानगी तपासणारी मीडियाविकीची सोय) चालू करा, अपलोडचा पथ तिकडे वळवा आणि इमेजेस फोल्डर वेब सर्व्हरवरून पूर्ण बंद करा. तिसरी पायरी विसरली तर पहिल्या दोन असून नसल्यासारख्या. लघुचित्रंही त्याच फोल्डरात असतात.

बाकी, जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) सरकारी संकेतस्थळावर कोणालाही काढता येतो. त्याला कुलूप घालण्यात वेळ घालवू नये.

वाळपई_रूट

विकतचं घेतलं की प्रश्न मिटला, असं कोणी म्हणायच्या आत सांगतो: ऑक्टोबर २०२३ मध्ये कॉन्फ्लुएन्स या विकतच्या विकी-सॉफ्टवेअरच्या, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या ८.० ते ८.५.१ आवृत्त्यांत बाहेरच्याला स्वतःसाठी अ‍ॅडमिन खातं तयार करता येत होतं. गंभीरता १० पैकी १०. तिथे पानावर लावलेली बंधनं काय कामाची?

मला तिसरा पक्ष मांडायचा आहे. आधारकार्डाचे स्कॅन कुठल्याच विकीत नकोत. विकी इतिहास जपतो. पानाच्या चौथ्या आवृत्तीत घातलेला फोन नंबर विसाव्या आवृत्तीत पुसला, तरी मधल्या सोळा आवृत्त्यांत तो आहेच, आणि त्या सगळ्या लपवाव्या लागतात, फक्त चौथी नव्हे. शिवाय जुने डेटाबेस बॅकअप राहतात ते राहतातच.

दिवाडी_फेरी

स्कॅनबद्दल सहमत. पण समितीचे ठराव, इतिवृत्तं, जत्रेच्या खर्चाचे कच्चे हिशेब यांना इतिहास हवाच असतो, आणि ते विकीतच नीट राहतात. त्यांच्यासाठी दुसरा विकी उभारायला मी अजूनही तयार नाही. मात्र परवानग्या लावल्यावर चाचणी करा. बंद पानात, दुसरीकडे कुठेही नसलेला एक शब्द लिहा, उदाहरणार्थ 'झपूरटेंब', आणि एक फोटो चढवा. मग लॉगिन नसलेल्या खिडकीतून पानाचा थेट पत्ता, कच्चा मजकूर, जुनी आवृत्ती, फरक, शोध, फीड, साइटमॅप, फोटोचा थेट पत्ता, एकेक करून बघा. मीडियाविकी असेल तर एपीआय, निर्यात आणि कंसांतला समावेशही. दर अपडेटनंतर पुन्हा.

मांडवीकाठ

यादीत एक घाला: साधं सदस्य खातं उघडून तेच सगळं परत. खातं कोणालाही उघडता येत असेल तर सदस्य म्हणजे बाहेरचाच. मीडियाविकीवर ही यादी पूर्ण पार पडल्याचं मला दाखवा, मग एकाच विकीवर बोलू.