मेडिकलवाल्यानं बीपी बघून फी घ्यायची म्हणे!

परभणीची_बाई
काल एका फार्मासिस्ट भाऊंनी लांबलचक पोस्ट टाकली. इंग्लंडात जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ चालू झालंय, घसा, कान, सायनस, बायकांची लघवीची जळजळ अशा सात दुखण्यांवर तिथला फार्मासिस्टच बघून औषध देतो, मग आपल्या मेडिकलमधे बीपी-शुगर, चालू औषधांची तपासणी, सल्ला हे सुरू करून त्याची फी का घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं. वाचून डोकंच फिरलं. अहो आधी काउंटरवर फार्मासिस्ट उभा तर करा! माझ्या आईला थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी एकाच पाकिटात घालून दिली, वर पेनानं १-०-०. ती बिचारी सकाळी दोन्ही सोबतच घ्यायची. दोन्हीत चार तास अंतर पाहिजे हे सांगायला किती वेळ लागतो? पण तिथं बारावी झालेलं लेकरू, कानाला मोबाईल अन् हातात कात्री. सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममधे, ज्याचं आहे तो पुण्यात कंपनीत. पेशंटला समजावून सांगणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमधे तुमचं कामच म्हणून लिहिलंय, ते होईना अन् वरून फी.

डीफार्म_गंगाखेड
ताई, सब घोडे बारा टक्के करू नका. मी सकाळी नऊ ते रात्री दहा स्वतः उभा असतो. मागं एक आजी आल्या, पहाटे घाम सुटतो, हातपाय कापतात, ताकदीचं टॉनिक दे म्हणल्या. पिशवी उघडायला लावली तर शुगरच्या दोन स्ट्रिपा, एक परभणीच्या डॉक्टरची, एक नांदेडच्या. नाव वेगळं, रंग वेगळा, आत दोन्हीत तेच ग्लिमेपिराईड अन् मेटफॉर्मिन, म्हणजे डोस दुप्पट अन् शुगर पार खाली. दोन्ही शेजारी ठेवून दाखवल्या, डॉक्टरांना फोन लावून दिला, एक बंद झाली. टॉनिक विकलं असतं तर धंदा झाला असता. झालं काय, तर आजी उरलेली स्ट्रिप परत घे म्हणून ठाण मांडून बसल्या.

घाटीतली_सिस्टर
हे काम चांगलंच केलं, पण बीपी बघणं म्हणजे पट्टा गुंडाळून बटण दाबणं नाही. उन्हातून सायकल हाणत आलेल्या माणसाला निदान पाच मिनिटं बसवावं लागतं. तुमच्या दुकानात खुर्ची कुठंय? लोक पायरीवर उभे असतात. आणि १६०/१०० आलं तर पुढं काय, कुठं लिहून ठेवणार, कुणाकडं पाठवणार?

उदगीरचा_पाव्हणा
कात्रीवरून आठवलं. दोन गोळ्या मागितल्या की मेडिकलवाले म्हणतात अख्खी स्ट्रिप घ्या. कामून? आणि कापून दिलीच तर एक्सपायरीची तारीख बरोबर त्यांच्याकडं राहते, आपल्याला नुसतं कोरं चांदीचं तुकडं. बिल मागितलं की तोंड वाकडं.

डीफार्म_गंगाखेड
पाव्हणे, तुम्ही दोन नेल्यावर उरलेल्या आठ कुणाच्या? कापलेली स्ट्रिप एक्सपायर झाली तर परत घ्यायला कंपनी सतरा भानगडी करते. सरकारनं भाव बांधलेल्या औषधावर आम्हाला १६ टक्के मार्जिन, त्यात भाडं, लाईट, फ्रिज. वर लोक म्हणतात ऑनलाईन २० टक्के सूट आहे, तुम्ही किती देता?

उदगीरचा_पाव्हणा
मग मजुरीवर गेलेल्या बाईनं डोकं दुखलं म्हणून अख्खी स्ट्रिप घ्यायची का? तिला आजची हजेरी संध्याकाळी मिळणार. सुट्ट्या गोळ्यांना छापील किमतीच्या हिशोबानंच पैसे घ्यायचे असा नियम आहे, म्हणजे सरकारनंच सुट्टी विक्री धरलीय की.

घाटीतली_सिस्टर
डोकेदुखीची द्या हो सुट्टी. अँटिबायोटिकच्या पण दोनच देता, त्याचं काय? पाच दिवसांचा कोर्स, माणूस दोन गोळ्यांत बरं वाटलं की थांबतो, अन् मग वॉर्डात आम्ही निस्तरतो. एच-१ म्हणजे सरकारच्या यादीतली काही अँटिबायोटिक वगैरे जपून द्यायची औषधं, त्यांच्यासाठी २०१४ पासून वेगळं रजिस्टर आहे, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव. किती जण खरं भरतात ते सांगा.

डीफार्म_गंगाखेड
मी भरतो. तुम्ही पगारी माणसं, तुमचं काय जातंय बोलायला. मी नाही म्हणलं की गिऱ्हाईक शेजारच्याकडं जातं, तो चिठ्ठीबिगर देतो, अन् संध्याकाळी मलाच ऐकवतं, तुझ्याकडं काही मिळतच नाही.

परभणीची_बाई
विषय फी आहे, कात्री नाही!!

लातूरचा_फार्मडी
विषय तोच आहे ताई, नीट वाचा. सहा वर्षं फार्म डी म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी केलं, २००८ पासून हा कोर्स आहे देशात, हेच सगळं शिकवतात. लातुरात मेडिकलमधे विचारलं तर बारा हजार पगार अन् वरून माल लावायचं काम. आता पुण्यात कॉम्प्युटरसमोर दुसऱ्या देशातल्या पेशंटचे साईड इफेक्ट नोंदवायलोय. इंग्लंडात दरवेळच्या तपासणीचे १५ पौंड सुरुवातीला सरकारनं ठरवून दिले, पेशंट त्याचे पैसे देत नाही, आणि गोळी विकली नाही तरी फार्मासिस्टला ते मिळतात. आपल्याकडं गोळी कमी कर म्हणणाऱ्याचं पोट गोळीवरच. मग तो दोन गोळ्या देईल नाहीतर अख्खी स्ट्रिप गळ्यात मारील, सल्ला देईल कशाला? फी नको म्हणताय म्हणजे हेच चालू ठेवा म्हणताय.

परभणीची_बाई
वा, म्हणजे दोष परत आमचाच. भाड्याच्या सर्टिफिकेटवर एक अक्षर नाही बोललात. १९४८ च्या फार्मसी कायद्यात कलम ४२ आहे, चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनंच द्यायचं. फी लागू झाली की ते बारावीचं लेकरूच बीपी बघणार अन् पुण्यातल्या सर्टिफिकेटच्या नावानं पावती फाडणार.

लातूरचा_फार्मडी
भाड्यानं देतात कारण महिनाभर उभं राहून जे मिळतं त्यात घर चालत नाही. समर्थन करत नाही, माझ्या बॅचमधल्या दोघांनी दिलंय, त्यांच्याशी मी बोलत नाही.

परभणीची_बाई
बरं. गंगाखेडवाल्यांसारखं पिशवी उघडून बघणारं कुणी असेल तर मी वीस रुपये देते, जास्त नाही. पण पावतीवर सल्ला देणाऱ्याचं नाव अन् रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे, आणि तोच माणूस समोर उभा पाहिजे. ह्यात कुणाचं दुखतंय?

डीफार्म_गंगाखेड
नंबर घ्या, आधार पण घ्या. पण वीस? परभणीला स्टँडवर गाडी लावायला तेवढे घेतात, अन् ते तर तुम्हाला काही समजावून पण सांगत नाहीत.

घाटीतली_सिस्टर
त्या विसातून आधी खुर्ची घ्या.