मे महिन्यात आईवडिलांसह माथेरान: दिवस कसा आखावा?

प्रश्न: आम्ही दादरला राहतो. सुट्टीत सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि दोन लहान मुले यांना घेऊन एका दिवसासाठी माथेरानला जाण्याचा विचार आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना फार चालावे लागणार नाही, अशी व्यवस्था होईल का?

उत्तर १: अवश्य होईल. सकाळची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरावे आणि तिथून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे. पुढे खासगी मोटारींना बंदी असल्यामुळे तिथल्याच अमन लॉज स्थानकाहून माथेरानला सुटणारी छोटी रेल्वेगाडी ज्येष्ठांना सोयीची पडते. हा नेरळ-माथेरान रेल्वेमार्ग १९०७ साली सुरू झाला. आजही मुले खिडकी सोडत नाहीत. परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्याच पाहून ठेवावी.

उत्तर २: माथेरानचे स्थानक बाजारपेठेतच आहे, त्यामुळे वडिलांना तिथेच झाडांच्या सावलीत निवांत बसू द्यावे, सगळे पॉइंट पाहण्याचा अट्टहास कृपया करू नये. मे महिन्यात तांबड्या मातीचा फुफाटा पायजम्याच्या काठापर्यंत चढतो, म्हणून बूट घालावेत. माकडे हातातली पिशवी हिसकावतात. खाऊ सॅकमध्येच ठेवावा.

प्रश्नकर्ता: दोघांचेही मनःपूर्वक आभार. शनिवार-रविवारची गर्दी टाळून मधल्या वारी निघतो.