मदत हवी आहे: टोर्नेडोचा भोंगा झाला की घरात नेमकं कुठे बसायचं?

खारीबिस्किट

मंडळी, आम्ही गेल्या ऑगस्टात न्यू जर्सीहून ओक्लाहोमात आलो आणि मूरच्या अगदी शिवेवर घर घेतलं. एकमजली, २००६ चं बांधकाम, बेसमेंट नाही. घर दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, इथल्या लाल चिकणमातीत फारसं कोणी बेसमेंट काढत नाही. तेव्हा मान डोलावली होती. एप्रिल लागल्यापासून ती माती रोज आठवते.

मागच्या मंगळवारी रात्री साडेनऊला घरातले सगळे फोन एकदम किंचाळले, पाठोपाठ गावाचा भोंगा. तेव्हा कळलं की पळायचं कुठे हे आपण ठरवलेलंच नाही. नवरा मागच्या अंगणात मोबाईल वर धरून शूटिंग करत उभा (आठ महिन्यांत पक्का ओक्लाहोमन झालाय), नऊ वर्षांचा मुलगा बाथटबात उशी घेऊन बसलेला, आई देवांपुढे, आणि मी हॉलमध्ये मधोमध, हातात पासपोर्टची पिशवी. टोर्नेडो बराच दक्षिणेकडून गेला. पण ती दहा मिनिटं काही विसरता येत नाहीत.

माझ्यासमोरच्या जागा अशा:

१) हॉलमधली बाथरूम. खिडकी नाही, घराच्या मध्यावर. टब आहे.
२) आमच्या बेडरूममधलं वॉक-इन क्लॉझेट. मोठं आहे, देवघर तिथेच आहे. पण त्याची एक भिंत बाहेरची.
३) किचनची पॅन्ट्री. चौघं उभे राहू, बसायला जागा नाही.
४) शेजारच्या काकाकाकूंच्या गॅरेजच्या जमिनीखालचं शेल्टर. त्यांनी आपणहून सांगितलंय, "कधीही या". पण आत उतरायला शिडीसारख्या उभ्या पायऱ्या. आई ७२ वर्षांची, एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत.
५) नवऱ्याचं मत: गाडीत बसायचं आणि दक्षिणेला सुटायचं.

आई श्रीवर्धनची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तिच्या डोक्यावरून गेलंय. कौलं उडाली, सुपाऱ्या झोपल्या, ही दुपारभर शेजारणीला घेऊन माजघरात बसून होती. तिचं म्हणणं, "वादळाची दोन दिवस आधी दवंडी असते, मग एवढी घाई कसली?" तिला कसं सांगू की इथे दहा-पंधरा मिनिटं मिळाली तर नशीब. सप्टेंबरपर्यंत ती इथे आहे. आईवडिलांना बोलवायचे आपले महिने आणि इथले टोर्नेडोचे महिने नेमके एकच, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

काय करू?

पिठलंभाकरी

बापरे. वाचतेय. आमच्याकडे कॅलिफोर्नियात भूकंप, त्यामुळे टेबलाखाली एवढंच माहीत.

जुनाजाणता

मी १९८४ ला कॅन्ससला शिकायला आलो तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की घराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बसायचं. टोर्नेडो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे मोडतोड पुढे ईशान्येला फेकली जाते. आणि खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या, म्हणजे आतला दाब बाहेर जातो आणि घर फुटत नाही.

कॉलम_बीम

जुनाजाणता, आदर ठेवून सांगतो, दोन्ही गोष्टी जुन्या झाल्या. तुम्ही आलात त्याच्या आधीच झाल्या होत्या, पण लोकांच्या तोंडून काही गेल्या नाहीत. १९६६ च्या जूनमध्ये टोपेका शहरातून टोर्नेडो गेला, त्यानंतर कॅन्सस विद्यापीठातल्या प्राध्यापक ईगलमन यांनी पडलेली घरं पाहून काढलेला निष्कर्ष असा की दक्षिण बाजू आणि नैर्ऋत्य कोपरा हीच सगळ्यांत वाईट जागा. वारा आधी तिथे धडकतो, भिंत आत येते ती तिथेच. आणि खिडक्यांचं म्हणाल तर घर दाबाने फुटत नाही. वारा आत शिरला की छताला खालून उचलतो. म्हणजे खिडकी उघडणं म्हणजे चोराला दार उघडून देणं, शिवाय तुम्ही त्या वेळी काचेपाशी उभे.

मी डॅलसला स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. अशी लाकडी सांगाड्याची घरं कशी पडतात ते सांगतो, मग जागा तुमची तुम्हालाच सापडेल. बहुतेक वेळा पहिलं जातं ते गॅरेजचं दार. सोळा फूट रुंद पत्रा, मागे आधार नाही. ते आत दबलं की वारा घरात, छत वर उचललं जातं. छत हेच भिंतींना वरून धरून ठेवत असतं. ते गेलं की बाहेरच्या भिंती एकेक करून आडव्या. शेवटपर्यंत उभं राहतं ते मधलं खुराडं: छोट्या खोल्या, जवळजवळ भिंती. इथली घरं बाहेरून विटांची दिसतात त्याला भुलू नका, ती वीट म्हणजे अंगरखा आहे, भार लाकडावर.

तर आईंनी निसर्ग वादळात केलं ते शंभर टक्के बरोबर. माजघर शोधा. बाहेरच्या हवेत आणि तुमच्यात जितक्या भिंती घालता येतील तितक्या घाला, सर्वांत खालच्या मजल्यावर. ह्या हिशेबाने क्र. २ बाद. देव तिथे राहू देत, तुम्ही नको. आणि वादळात समई-निरांजन काही लावू नका, गॅसची नळी कुठे उखडली असेल सांगता येत नाही.

क्र. १ बरी वाटतेय, पण दोन प्रश्न: बाथरूममध्ये आरसा केवढा आहे? आणि शॉवरला काचेचं दार आहे का? हॉलच्या बाजूला अजून काय काय आहे तेही लिहा.

खारीबिस्किट

आरसा सिंकच्या वर भिंतभर. हा विचारच केला नव्हता. शॉवरला पडदा आहे.

हॉलमधून निघालं की डावीकडे बाथरूम, उजवीकडे मुलाची खोली, आणि टोकाला एक क्लॉझेट. ते यादीत लिहिलं नाही कारण त्यात बॅगा आहेत. आमच्या सहा, आईच्या दोन, वर इस्त्रीचं टेबल आणि गणपतीच्या मखराचा खोका. दार जेमतेम लागतं.

मी_विचिटाकर

राजेहो, घराचं माजघर बॅगांना देऊन माणसं टबात बसवता काय!

कॉलम_बीम

तेच म्हणतो. किती बाय किती आहे?

खारीबिस्किट

आत्ता मोजलं. साडेचार फूट बाय सहा. चारही बाजूंनी आतल्या भिंती. पाठीमागे बाथरूमची पाइपवाली भिंत.

कॉलम_बीम

झालं तर. बॅगा बाहेर, माणसं आत. टबाचं लोक सांगतात ते खोटं नाही, पण ७२ वर्षांच्या, गुडघा बदललेल्या बाईने अंधारात टबाची कड ओलांडायची म्हणजे टोर्नेडोआधी तीच आपटायची. क्लॉझेटमध्ये आपलं आंघोळीचं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा. बाकीचे खाली बसा, डोकी गुडघ्यांत, वर जाड गोधड्या. माणसं बहुधा वाऱ्याने मरत नाहीत, वाऱ्याने फेकलेल्या वस्तूंनी मरतात, आणि मार डोक्याला बसतो. म्हणून प्रत्येकाला हेल्मेट. २७ एप्रिल २०११ च्या अलाबामातल्या संहारानंतर तिथल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या मंडळींनी हे आवर्जून मांडलं. सायकलचं चालेल, क्रिकेटचंही.

आणि एक प्रामाणिकपणे: ही जागा बहुतेक टोर्नेडोंना पुरते, कारण बहुतेक टोर्नेडो ईएफ-० आणि ईएफ-१ असतात (टोर्नेडोची ताकद ईएफ-० ते ईएफ-५ अशी मोजतात), म्हणजे वारा ताशी ११० मैलांपर्यंत. ईएफ-४, ईएफ-५ ला साधं क्लॉझेट म्हणजे नशिबाचा भाग. तुम्ही मूरपाशी आहात म्हणून हे गोड करून सांगत नाही.

गारपीट

मी नॉर्मनमध्ये पंधरा वर्षं आहे. २० मे २०१३ ला मूरमध्ये कामावर होते. दुपारी २:४० ला वॉर्निंग आली, २:५६ ला तो जमिनीला टेकला. सोळा मिनिटं, आणि ही भरपूर मानली जातात. ईएफ-५. चोवीस माणसं गेली, त्यांत एका शाळेतली सात मुलं. आम्ही अकरा जण ऑफिसच्या आतल्या जिन्याखाली होतो. मला आठवतो तो आवाज नाही, कान दुखायला लागले ते आठवतं, आणि नंतर सगळीकडे ओल्या मातीचा आणि फाटलेल्या लाकडाचा वास.

गाडीचं नाव काढू नका. अकराच दिवसांनी, ३१ मे ला, एल रेनोचा टोर्नेडो आला, २.६ मैल रुंद. आधीचा इतका ताजा होता की शहरभरची माणसं गाड्या काढून दक्षिणेला निघाली आणि हायवे गच्च भरले. माझी मैत्रीण दीड तास एका जागी होती. त्या दिवशी टोर्नेडोत जे गेले ते गाड्यांमध्ये होते. पुलाखाली थांबणं तर त्याहून वाईट. नाल्यांच्या पाइपात लपलेले लोक तर पुरात बुडाले. नवऱ्याला सांगा, आणि अंगणातलं शूटिंगही बंद. रात्री तो दिसतच नाही, पावसाच्या पडद्यामागे असतो.

शेजाऱ्यांच्या शेल्टरबद्दल. चांगली माणसं आहेत, पण तुमच्या दारापासून त्यांच्या गॅरेजपर्यंत चालायला किती लागतं? टोर्नेडोच्या आधी बऱ्याचदा लिंबाएवढ्या गारा पडतात. त्यात आईंना हात धरून हिरवळीवरून नेणार? नियम असा करा: वॉच म्हणजे हवा तशी आहे, काही तास सावध राहा. तो नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरमधून निघतो. वॉच निघाला, संध्याकाळ वाईट दिसतेय, तर तेव्हाच चहाचा थर्मास घेऊन शेजारी जाऊन बसा. सावकाश उतरा. वॉर्निंग निघाली म्हणजे रडारवर दिसलाय किंवा कोणी डोळ्यांनी पाहिलाय. मग उंबरा ओलांडायचा नाही, क्लॉझेट.

भोंग्यावर विसंबू नका. तो घराबाहेरच्या माणसांसाठी असतो, झोपेत आणि बंद घरात ऐकू येईलच असं नाही. वेदर रेडिओ (हवामानाचे इशारे वाजवून सांगणारा) आणून आईंच्या उशाशी ठेवा, बॅटरीवर चालणारा. इथे रात्रीही होतं, नोव्हेंबरातही होतं. २०२४ च्या ३ नोव्हेंबरला ओक्लाहोमा सिटीत मध्यरात्रीनंतर अंधारात आले होते.

मी_विचिटाकर

पायात बूट घालूनच आत जा. आमच्याकडे एकदा नुसत्या खिडक्या गेल्या, बाकी घर धड. पण तळघरातून वर आलो तो चपला नाहीत आणि सगळ्या घरभर काचा. शिट्टी पण ठेवा, ओरडून घसा बसतो.

खारीबिस्किट

गारपीट, वाचून अंगावर काटा आला. ते जाऊ दे, लिहिलंस ते बरं केलंस. नवऱ्यालाही वाचायला दिलं. काही बोलला नाही, पण गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता पुढचा प्रश्न. नवरा म्हणतो आपणही गॅरेजमध्ये जमिनीखालचं शेल्टर बसवू. पण मग आईच्या गुडघ्यांचं तेच.

कॉलम_बीम

जमिनीखालीच हवं हा तुमच्या राज्यातला हट्ट आहे. जमिनीवरची पोलादी सेफरूम मिळते, गॅरेजच्या काँक्रीटला बोल्टने जखडलेली. आत चालत जायचं, पायरी नाही. व्हीलचेअर जाईल अशीही असते. हो, ज्या गॅरेजला मी शिव्या घातल्या तिथेच. पण ही खोली गॅरेजच्या भिंतींच्या भरवशावर नाही, गॅरेज उडून गेलं तरी ती तशीच. २०१३ ला मूरमध्ये अशा खोल्या टिकल्या.

घेताना एकच पाहा: फेमाच्या (इथलं केंद्र सरकारचं आपत्ती खातं) आणि आयसीसी-५०० च्या (शेल्टर बांधणीचं मानक) निकषांना उतरलेली आहे का. ताशी २५० मैलांचा वारा धरून बांधतात. लबकला टेक्सास टेक विद्यापीठात हवेच्या तोफेतून १५ पौंडांचा लाकडी वासा ताशी १०० मैलांनी भिंतीवर आणि दारावर मारून बघतात. दाराचा दाखला वेगळा मागा. विक्रेते भिंतीचं कौतुक सांगतात आणि दार साधं देतात.

जमिनीखालच्यात पाणी भरतं ही दुसरी गोष्ट. २०१५ च्या मेमध्ये ओक्लाहोमा सिटीत तशा शेल्टरमध्ये एक बाई बुडून गेली.

गारपीट

बसवलंत की शहराकडे नोंद करा, म्हणजे वर ढिगारा पडला तर कुठे उकरायचं ते त्यांना कळतं. आणि राज्याची अनुदानाची सोडत असते, तिथे नाव घाला. नंबर लागेलच असं नाही.

जुनाजाणता

कॉलम_बीम, चाळीस वर्षं मी लोकांना नैर्ऋत्य कोपरा सांगत आलो. आज मुलीला फोन करून बदल सांगितला. ती म्हणाली, बाबा, तो कोपरा मी कधीच धरला नव्हता.

खारीबिस्किट

ताजी खबर. रविवारी क्लॉझेट रिकामं केलं. बॅगा गॅरेजमध्ये गेल्या. सेफरूमचं कोटेशन आलंय, आकडा बघून नवरा बसला, पण नाही म्हणाला नाही. पुढच्या वसंतापर्यंत बघू.

आता क्लॉझेटमध्ये: प्लॅस्टिकचं स्टूल, दोन गोधड्या, चार जोड जुने बूट, टॉर्च, शिट्टी, पाणी, आईच्या गोळ्यांचा डबा आणि पासपोर्टची पिशवी.

शनिवारी दुपारी बाराला इथे भोंग्याची चाचणी असते. पहिल्या शनिवारी आई दचकून भाकरी तव्यावर टाकून बाहेर पळाली होती. ह्या शनिवारी आम्ही तोच धरून सराव केला, मुलाने फोनवर वेळ लावली. आईच्या खोलीपासून क्लॉझेटपर्यंत २५ सेकंद. पण पहिल्या खेपेला अडीच मिनिटं लागली, कारण तिने चष्मा शोधला, कवळी लावली, गॅस बंद आहे का बघून आली आणि देवांना सांगून आली. कवळीची डबी आणि जुना चष्मा आता क्लॉझेटमध्येच असतात. गॅस माझ्याकडे. देवांना सांगायचं ती रोज सकाळीच सांगून ठेवणार आहे.

पिठलंभाकरी

आणि हेल्मेट? आईंना बसलं का?

खारीबिस्किट

मुलाचं क्रिकेटचं बसतं. अंबाडा सोडावा लागतो.