मदत हवी आहे: पिकासोची रडणारी बाई कशी वाचायची?

नमस्कार मंडळी. लेक चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. पिकासोच्या १९३७ च्या 'रडणारी स्त्री' या चित्रावर शुक्रवारपर्यंत दोन पानं द्यायचीत. आम्ही कोल्हापूरकर आबालाल रहमान, बाबूराव पेंटर या आमच्या चित्रकारांची चित्रं बघत वाढलेलो. तिथं चेहरा चेहऱ्यासारखा असतो हो! इथं नाक बाजूनं, डोळे मात्र दोन्ही समोरून. तोंड पिवळं-हिरवं, पण ओठांपाशी एकदम पांढरट-निळं, काच तडकल्यासारखं. तो रुमाल समजायचा की आतली हाडं? वर लाल टोपी, तिला निळं फूल! एवढी नटलेली बाई अशी का रडते? स्पेनमधल्या गेर्निका गावावरचा बॉम्बहल्ला त्याच वर्षीचा आणि मॉडेल डोरा मार, एवढं कळलंय. मग हे रडणं युद्धाचं धरायचं की डोराचं?