मदत हवी आहे: वर्कशॉपमध्ये सीएनसी आलंय, सुतारकाम राहणार की जाणार?

पटाशी८९

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी. मी सुतार, वडीलही सुतार, मी स्वतः सतरा-अठरा वर्षं हेच करतोय. सध्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये आहे, किचनची कपाटं, वॉर्डरोब, ऑफिसची टेबलं असलं काम. चार महिन्यांपूर्वी मालकांनी नेस्टिंगवाला सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन, एकाच शीटवर सगळे तुकडे मांडून कापतं) घेतला आणि तेव्हापासून माझी झोप उडालीय.

आधी पॅनल सॉवर दोघं, ड्रिलिंगला एक आणि मार्किंगला मी, असे चौघं जे दिवसभर करायचो ते आता एक पोरगा कॉम्प्युटरवर आणि एक जण शीट चढवायला, एवढ्यात दुपारपर्यंत संपतं. २४४० बाय १२२० ची शीट टाकायची, मशीन सगळे तुकडे भोकांसकट कापून देतं, वर लेबल लावलेलं, कुठला तुकडा कुठल्या कपाटाचा तेही त्यावरच. दोघांना "काम कमी आहे, फोन करतो" म्हणून घरी बसवलं, फोन काही आला नाही. मला साइटवर फिटिंगला पाठवतात म्हणून मी आहे.

त्यात परवा रात्री मोबाइलवर शोधत बसलो आणि ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या दोघांचा २०१३ चा अभ्यास सापडला. ७०२ व्यवसाय घेतलेत, कुठलं काम कॉम्प्युटरकडे जाण्याची शक्यता किती ते दिलंय. सुतार ७२ टक्के आणि कॅबिनेटमेकर ९२ टक्के! मी तर दोन्हीत बसतो. वर मुलगा सतरा वर्षांचा, तो म्हणतो मला याच कामात यायचंय, मी काय सांगू त्याला कळत नाही. तर प्रश्न असा की नक्की काय जाणार आणि काय राहणार, आणि मी आता या वयात मशीन शिकू, की साइटचं काम धरून बसू, की रिपेअरिंगकडे वळू? प्लीज ज्यांना खरंच अनुभव आहे त्यांनी लिहा, "मेहनत करा सगळं ठीक होईल" छाप उत्तरं नकोत.

भुसाभर

दादा, ती ९२ टक्क्यांची भीती आधी काढून टाका. मी तो पेपर चाळलाय. त्यात ७० व्यवसायांवर तज्ज्ञांनी बसून "हे मशीनला जमेल, हे जमणार नाही" असे शिक्के मारले आणि बाकीच्यांचे आकडे त्यावरून मॉडेलने काढले. म्हणजे ९२ टक्के लोकांची नोकरी जाणार असा अर्थच नाही त्याचा. तांत्रिकदृष्ट्या होऊ शकेल का एवढंच. २०१६ मध्ये ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी दुसऱ्या लोकांनी व्यवसायाऐवजी त्यातली एकेक कामं सुटी करून पाहिली, तर जास्त धोक्यातल्या नोकऱ्यांची २१ देशांची सरासरी ९ टक्क्यांवर आली. पहिल्या अभ्यासात अमेरिकेचाच आकडा ४७ टक्के होता. मोजायची पट्टी बदलली की एवढा फरक.

बाकी रोबॉट म्हणाल तर २०१८ मध्ये सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात दोन रोबॉट हातांनी एक तयार सुट्या भागांची खुर्ची जोडून दाखवली. वेळ २० मिनिटं १९ सेकंद, त्यातली अकरा मिनिटं तर हात कसा फिरवायचा याचा विचार करण्यात. 😄 माझा पुतण्या त्याच्या आत जोडेल, चार स्क्रू उरतील ती गोष्ट वेगळी.

ओळंबा

भुसाभर, हसू नका, रोबॉट हळू आहे हा काही दिलासा नाही. मी चाळीस वर्षं या कामात काढली, आता फक्त शिकवतो. पटाशी, तुमचा प्रश्नच थोडा चुकतोय असं मला वाटतं. तुम्ही विचारताय की मशीन माझ्यासारखं काम शिकेल का. ते कशाला शिकेल? इथे काम मशीनसारखं करून घेतात आणि मग मशीन बसवतात.

तुमचंच उदाहरण घ्या. कपाटाच्या बाजूच्या फळीला ५ मिलिमीटरची भोकं ३२ मिलिमीटर अंतराने असतात ना, पुढच्या कडेपासून ३७ वर? ते काय सुताराच्या सोयीसाठी आहे का? एकाच वेळी भोकं पाडणाऱ्या ड्रिलिंग मशीनसाठी आहे. तशीच शीट. खरं लाकूड फुगतं, आकसतं, वाकतं, त्यात गाठी असतात, वर्तुळांच्या दिशेने ते जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसतं, लांबीत तर जवळजवळ नाहीच. सुताराची अर्धी विद्या या भांडणात जाते. लाकूड दळून, गोंद घालून, दाबून एमडीएफ केलं की भांडणच संपलं. तिथे कुसू-खोबणीचा सांधा नको, पटाशी नको, फळ्या जोडणारा मिनिफिक्स पिळला की झालं. म्हणजे तुमची मार्किंगची जागा चार महिन्यांपूर्वी गेली असं तुम्हाला वाटतंय, पण ती गेली ज्या दिवशी वर्कशॉपने खरं लाकूड सोडलं त्या दिवशी.

आणि हे आजचं नाही. इंग्लंडात पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांच्या दोरखंडासाठी लाकडी कप्प्या लागायच्या, हजारोंनी, सगळ्या सारख्या. मार्क ब्रुनेल या इंजिनिअरने १८०० नंतरच्या काही वर्षांत तिथे त्यासाठी मशीनं बसवली, मॉड्स्ले या यंत्र कारागिराने ती घडवली. ११० कारागिरांचं काम १० साधे मजूर करायला लागले, १८०८ मध्ये वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या. पण त्याच गोदीत जहाजाची बाकी लाकडी कामं मात्र सुतारांच्याच हातात राहिली, कारण दोन फासळ्या सारख्या नसतात. म्हणून स्वतःच्या कामाकडे बघताना एवढंच विचारा, हे दुसऱ्यांदा अगदी असंच करायचंय का? हो असेल तर ते जाणार, तुम्ही कितीही सफाईने करा.

सीएनसीवाला

मी तुमच्या त्या "कॉम्प्युटरवरच्या पोरग्याच्या" जागी आहे 🙂 तर आतली गोष्ट सांगतो. मशीन कापतं छान पण त्याला काहीच कळत नाही. पहिल्या महिन्यात आमच्याकडे छोटे तुकडे कापताना सरकायचे, कारण शीटला खाली ओढून धरणारा व्हॅक्युम छोट्या तुकड्याला पुरेसा धरत नाही, कडा खराब, बिट तुटलेलं, सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावून दमलो. शेवटी एका जुन्या सुतारानेच सांगितलं की पहिल्या फेरीत आरपार कापूच नकोस, अर्धा मिलिमीटर पापुद्रा ठेव आणि दुसऱ्या फेरीत तो काढ. झालं काम. त्यांना माऊससुद्धा नीट धरता येत नव्हता पण तुकडा का सरकतोय हे आवाजावरून कळलं. व्हिनिअरची (वर चिकटवलेल्या पातळ लाकडाची) रेषा उभी की आडवी, कुठल्या दारावरून कुठल्या ड्रॉवरवर ती सलग जायला हवी, हे न बघता नेस्टिंग केलं तर सॉफ्टवेअर मटेरियल वाचवतं आणि कपाटाची वाट लावतं. मला सुतारकाम येत नाही, तुम्हाला येतं. मशीन शिकायला तुम्हाला जेवढे महिने लागतील त्याच्या दहापट वेळ मला रंधा शिकायला लागेल, त्यामुळे घाबरायचं कोणी, तर मी.

पटाशी८९

सगळ्यांचे आभार. ओळंबाकाका, तुमचं वाचून आधी राग आला खरं सांगतो, मग दुसऱ्या दिवशी साइटवर गेलो आणि तेच डोक्यात फिरत राहिलं. कपाट मशीनवर कापलेलं, दशांश मिलिमीटरमध्ये बरोबर. भिंतीला लावलं तर वर चिकटतंय आणि खाली १४ मिलिमीटर फट. मध्येच पोट सुटलेलं. बाजूची पट्टी भिंतीला टेकवली, कंपासला पेन्सिल लावून भिंतीची रेघ तिच्यावर उतरवली, जिगसॉने जरा आत तिरकं कापलं, रंध्याने तीन-चार हात मारले, मग बसली. हे दुसऱ्या भिंतीला असंच होणार नाही, तर काकांच्या हिशोबात हे राहणाऱ्यातलं.

पण एक शंका. त्या भिंतीचं लेझरने स्कॅन काढून पट्टी थेट मशीनवर कापता येईलच की? मग?

ओळंबा

येईल, काही जण करतातही. पण एका पट्टीसाठी स्कॅन काढून फाइल बनवून परत वर्कशॉपला पाठवून कापून आणेपर्यंत तुमचं काम संपून चहा झालेला असतो. जिथे अख्खी इमारत नव्याने उभी राहतेय तिथे मात्र हे गणित उलटं. जपानमध्ये लाकडी घरांचे खांब-तुळया आता बहुतेक कारखान्यात मशीनवरच खाचा पाडून येतात, साइटवर फक्त उभ्या करायच्या. म्हणून नव्या बांधकामाच्या भरवशावर राहू नका. जुन्या घरातली दारं, खिडक्या, जिने, दुरुस्त्या, तिथे कोणी आधी ड्रॉइंग देत नाही. मुलाला येऊ द्या, फक्त सुरुवात खऱ्या लाकडापासून करा. रंधा उलट्या रेषेवर मारला की लाकूड कसं उचकटतं ते त्याच्या हाताला कळू दे, मग मशीन.

सीएनसीवाला

आणि तुम्ही मालकांना सरळ विचारा, आठवड्यातला एक अर्धा दिवस मशीनवर द्या म्हणून. ऑपरेटर व्हायला नाही, फाइल तपासायला. साइटवर चुकलेला प्रत्येक तुकडा परत कापावा लागतो हे त्यांनाही माहितीये, नाही म्हणणार नाहीत.

पटाशी८९

विचारतो उद्या. त्यासाठी जी-कोड, म्हणजे मशीनला सूचना द्यायची भाषा, शिकावा लागतो का? इंग्रजी माझं यथातथाच आहे.

सीएनसीवाला

नाही हो, तो सॉफ्टवेअरच काढतं. जी०० म्हणजे हवेतून धावतंय, जी०१ म्हणजे कापतंय, झेड म्हणजे खोली, एवढं ओळखता आलं तरी मशीन चुकीच्या ठिकाणी घुसायच्या आत लाल बटण दाबाल. पहिल्या दिवशी तेच बटण कुठंय ते विचारा.